‘ओपन डिफरन्शियल सगळी ताकद एकाच चाकाला देतं’ हे खरं नाही

गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, आणि त्यावर विसंबून लोक चुकीचा खर्च करतात. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच. त्यातलं साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. एक चाक रस्त्यावरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि ते जेमतेम ५० न्यूटन-मीटर पेलू शकत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या चाकालाही तेवढेच मिळतात. उरलेला जोर घसरणारं चाक गरागरा फिरवण्यात जातो. आपल्याला दिसतं ते फिरणारं चाक, म्हणून हा समज.

याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘टॉर्सेन बसवलं की काळजी मिटली’. टॉर्सेन हे गिअरवर चालणारं एलएसडी, म्हणजे चाकाचं घसरणं आवरणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल; ते कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कचा गुणाकार करून दुसऱ्याला देतं. प्रमाण अडीच असेल, तर ५० च्या जोडीला पलीकडे १२५ पर्यंत मिळतात. पण वळणावर आतलं चाक हवेत उचललं गेलं, तर शून्याची अडीच पट शून्यच! माझदा मिआटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या १.८ लिटर गाड्यांत १९९४ पासून टॉर्सेनचा पर्याय होता. रोजच्या वापराला मी तेच सुचवेन: झिजणाऱ्या क्लच प्लेट नाहीत, कटकट नाही.

सस्पेन्शन इतकं कडक केलंय की चाक उचलतंच? मग प्रीलोडवालं (प्लेट आधीपासूनच दाबून ठेवलेलं, म्हणून एक चाक हवेत असतानाही दुसऱ्याला थोडा टॉर्क देणारं) क्लच प्लेटचं एलएसडी घ्या, आणि उत्पादकाने सांगितलेलंच तेल घाला. डिफरन्शियल वेल्ड करून (दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतील असं जोडून) गाडी रस्त्यावर मात्र आणू नका. प्रत्येक यू-टर्नला टायर फरफटतात आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो.