बॉनेटखालचा हवेचा कारखाना

एसटी स्टँडवर बस उभी राहते, चालक पार्किंग ब्रेक लावतो आणि खालून ‘फस्स’ असा मोठा आवाज येतो. ट्रक-बसचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनालाच जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू आहे तोवर टाक्या भरत राहतात. जीप, थार, जिप्सी यांचे ब्रेक तेलावर चालतात, म्हणून त्यांना कंपनीकडून असा कॉम्प्रेसर मिळत नाही. आणि डांबरी रस्ता सोडला की हवेची खरी निकड याच गाड्यांना भासते. ती निकड एसीच्या कॉम्प्रेसरने कशी भागवतात, ते इथे बघू.

वाळूत किंवा चिखलात शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करतात. का, ते साध्या भागाकारात कळतं. एका चाकावर ४५० किलो भार असेल आणि टायरमध्ये ३२ पीएसआय (पंक्चरवाल्याच्या काट्यावरचं एकक) दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा होतो. दाब १५ पीएसआयवर आणला की तोच भाग चारशेच्या पुढे जातो. (टायरची भिंत स्वतःही थोडा भार पेलते, त्यामुळे आकडे काटेकोर नाहीत.) भार तेवढाच, पण दुप्पट जागेवर पसरल्यामुळे चाक रुतत नाही. मात्र तशाच टायरवर हायवेला लागलात तर भिंत सतत वाकून तापते आणि टायर फाटतो. म्हणजे परतताना हवा भरणं आलंच, आणि तिथे पंक्चरवाला नसतो.

थारसारख्या गाडीच्या एका टायरच्या पोकळीत साधारण ६० लीटर जागा असते. १५ वरून ३२ पीएसआयवर यायला बाहेरची सत्तरेक लीटर हवा आत कोंबावी लागते. चार टायरची झाली २८० लीटर. लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप इथे घामाघूम होतो, कारण त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॉट. मिनिटाला १५० लीटर हवा ७ बारपर्यंत (म्हणजे साधारण १०० पीएसआय) दाबायची तर निव्वळ गणितानेच ७०० वॉट लागतात. घर्षण आणि गळती धरली की आकडा किलोवॉटच्या वर जातो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं काढायचं म्हणजे शंभरेक अँपिअर! थारच्या २.२ लीटर डिझेल इंजिनाची ताकद आहे ९७ किलोवॉट. त्याच्या पट्ट्यावरून (बेल्टवरून) एक-दीड किलोवॉट उचलला तर इंजिनाला पत्ताही लागत नाही.

म्हणून जुगाडू मंडळींची नजर एसीच्या कॉम्प्रेसरवर जाते. तो पट्ट्यावर फिरतो, त्याला विजेवर लागणारा-सुटणारा चुंबकीय क्लच असतो, आणि वायू दाबणं हेच त्याचं काम. अमेरिकेतल्या जीपवाल्यांचं लाडकं यंत्र म्हणजे यॉर्क २१०. १९७०-८० च्या दशकांतल्या फोर्ड, जीप आणि व्होल्वो २४० अशा गाड्यांच्या एसीत यॉर्कचे असे कॉम्प्रेसर असत. दिसायला चौकोनी ठोकळा, आत दोन उभे पिस्टन, एका फेरीत सुमारे १६९ घनसेंटिमीटर हवा. वरच्या झाकणावर कुठून ओढतो आणि कुठून सोडतो ते ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं, म्हणजे नळ्या उलट लावायची भीती नाही. पण त्याचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे: स्कूटरच्या इंजिनासारखं त्याच्या पोटात स्वतःचं तेल असतं.

हे इतकं महत्त्वाचं का? एसी ही बंद आणि कोरडी वाट असते. तोच गॅस फिरून फिरून परत येतो आणि बहुतेक कॉम्प्रेसरांचं वंगणतेलही त्या गॅसबरोबरच फिरतं. सर्रास दिसणारा गोल, पाच पिस्टनचा सॅन्डन ५०८ याच जातीचा, एका फेरीत १३८ घनसेंटिमीटर ओढणारा. त्याची वाट तोडून तोंड उघड्या हवेला लावलं, की तेल हवेबरोबर निघून जातं आणि परत येत नाही. थोड्याच दिवसांत आतले पिस्टन कोरडे घासून जाम होतात. म्हणून सॅन्डन वापरणारे हवा ओढणाऱ्या नळीत थेंब-थेंब तेल सोडणारी डबी बसवतात आणि पुढे तेच तेल गाळून काढायला फिल्टर लावतात, कारण तेल टायरच्या रबराला मानवत नाही. यॉर्कही थोडं तेल फेकतोच, पण त्याच्या पोटात साठा असल्याने तो धीर धरतो. नव्या गाड्यांतले, आपली क्षमता आपणच कमी-जास्त करणारे, क्लच नसलेले कॉम्प्रेसर या कामाला घेऊच नयेत.

माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं खरं काम इथेच आहे. कॉम्प्रेसर इंजिनाला बसवायचं ब्रॅकेट कोणीही चांगला वेल्डर करून देईल. बंद वाटेत तेल, उष्णता आणि ओल यांची जी सोय आपोआप होत होती, ती उघड्या हवेत हाताने लावून द्यावी लागते.

आता उष्णता. हवा झटकन दाबली की तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना माहीत आहे. २७ अंशांची हवा ७ बारपर्यंत एकदम दाबली आणि उष्णता कुठेच जाऊ दिली नाही, तर गणित २७० अंश सेल्सिअस सांगतं. प्रत्यक्षात लोखंड बरीच उष्णता ओढून घेतं, तरी झाकणावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र वाजावं इतपत ते तापतं. टायरच्या ३२ पीएसआयपर्यंतच दाबलं तर तोच हिशोब १४५ अंशांच्या आसपास येतो. म्हणून बाहेर पडणारी पहिली मीटरभर नळी तांब्याची किंवा आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेली हवी. इंजिन आपल्या माऊंटवर हलतं, त्यामुळे तिथे जाळीवाली लवचिक नळीच बरी. प्लंबरकडची पीव्हीसी पाइप मात्र कुठेच नको, ती फुटली तर तिचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात.

पाण्याचं गणित कोकणात जास्त जाणवेल. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये दाबून परत ३० अंशांवर आणली, तर त्यातलं जेमतेम ३० ग्रॅम बाष्परूपात राहतं आणि उरलेलं दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी खाली पडतं. दाबलेली हवा साठवायला कॉम्प्रेसरपुढे टाकी जोडतात; दहा लीटरच्या टाकीत एका भरणीला दीडेक ग्रॅम. थोडंच वाटतं, पण रोजचं साचून टाकी आतून गंजते. टाकीच्या तळाला ड्रेन कॉक हवा आणि तो उघडायची सवयही.

टाकीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. १०० पीएसआयला भरलेली दहा लीटरची टाकी ३५ पीएसआयपर्यंत रिकामी केली, तर तिच्यातून जेमतेम ४४ लीटर हवा मिळते, म्हणजे एक टायरही पुरा होत नाही. टाकी हवी ती कॉम्प्रेसरचे धक्के गिळायला, डिफरन्शियलचं एअर लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरायला लावणारी, हवेवर चालणारी कळ) चालवायला आणि हवेवर चालणारा पाना घटकाभर फिरवायला. टायर शेवटी कॉम्प्रेसरच भरतो.

बाकी जोडणी सरळ आहे. सुमारे ८५ पीएसआयला क्लच लावणारा आणि १०५ ला सोडणारा प्रेशर स्विच, रिले, फ्यूज. टाकीच्या तोंडाशी हवा मागे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व, आणि टाकीवरच दाब फार वाढला तर हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व. कॉम्प्रेसर आणि सेफ्टी व्हॉल्व यांच्यामध्ये बंद करता येईल असा कुठलाही कॉक नको. हवा ओढायचं तोंड उंचावर, फिल्टर लावून. ओढ्यातून जाताना त्यातून पाणी शिरलं तर पाणी दबत नाही, पिस्टनच मोडतो. आणि गाडीतला एसी काढणार असाल, तर आधी त्यातला गॅस यंत्राने काढून घ्यायला लावा. आर-१३४ए हा गॅस किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटींहून जास्त तापमानवाढ करतो, तो नुसता ‘फुस्स’ करून सोडायचा नसतो. अर्थात वर्षातून दोनदा वाळूत जाणाऱ्याला एवढा खटाटोप कशाला? बॅटरीला थेट क्लिपा लावायचा एखादा दणकट इलेक्ट्रिक पंप त्याला पुरे. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्याआधी कंपनीला विचारलेलं बरं.

लडाखला निघालात तर आणखी एक हिशोब धरा. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. कॉम्प्रेसर दर फेरीला तेवढीच पोकळी भरतो, पण तिच्यात हवाच कमी असते, त्यामुळे टायर भरायला दीडपट वेळ लागतो.

सगळं बसवून झालं की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात, मग टाकी भरून रात्रभर ठेवतात. सकाळी काटा १०० वरून ८८ वर दिसला तर लगेच पाना उचलू नका. भरताना टाकीतली हवा ६० अंशांवर होती आणि पहाटे २५ वर आली, तर निव्वळ थंड झाल्यानेच एवढी घट होते. पुन्हा भरा, टाकी गार होऊ द्या आणि मग लिहून ठेवलेला आकडा काही तासांनी ताडून बघा.