मागेल त्याला काम : वि. स. पागे आणि रोजगार हमीची पार्श्वभूमी

विठ्ठल सखाराम पागे कधी मुख्यमंत्री झाले नाहीत. १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. हे पद मानाचे खरे, पण निधी वाटण्याचे नव्हे. तरीही राज्यातल्या मजुराच्या हातात त्यांच्याइतकी ठोस गोष्ट फार थोड्या नेत्यांनी ठेवली.

सुरुवात सांगली जिल्ह्यात झाली. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेवर प्रयोग झाला. कोरडवाहू भागात पेरणी-काढणी सोडली तर हाताला काम नसते. त्या दिवसांत बंधारे, रस्ते, मृदसंधारण अशी कामे काढायची आणि मजुरी द्यायची, एवढेच त्याचे सूत्र. वसंतराव नाईक सरकारने १ मे १९७२ रोजी ही रोजगार हमी योजना राज्यभर नेली. लगेच मोठा दुष्काळ पडला आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. १९७३च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांची माती वाहणाऱ्या बायांची संख्या त्यात मोठी. गावातला मजूर किती काम करू शकतो, हे सरकारला तिथे प्रत्यक्ष दिसले.

मग प्रश्न पैशाचा. १९७५मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा या कामी राखायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. योजना टिकली ती या तरतुदीमुळे, असे माझे ठाम मत आहे. राखीव पैसा नसता, तर पहिल्याच काटकसरीत तिच्यावर कुऱ्हाड पडली असती.

१९७७चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. अंगमेहनतीच्या अकुशल कामाची मागणी नोंदवल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे अगदीच तुटपुंजा. पण ‘सरकारने काम काढले तर जाऊ’ याच्या जागी ‘मी मागितले आहे, द्या’ असे म्हणता येऊ लागले. नवे काम काढायला साधारण ५० मजूर लागत आणि खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर जावा, असा दंडक होता.

अडायचे ते बहुतेक मोजमापात. मजुरी हजेरीवर नव्हे, झालेल्या कामावर. टोळीने खणलेल्या चौकडीची, म्हणजे चौकोनी खड्ड्याची, लांबी, रुंदी, खोली मोजून घनमीटर काढायचे आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे दर लावायचा. कठीण मुरूम मऊ माती म्हणून नोंदवला, की घाम तेवढाच गाळून मजुरी कमी. मोजमाप लांबले, की मस्टर (हजेरीपट) भरलेले असूनही पगार अडकलेला. दुसरी गळती मागणीच्या अर्जात. अर्ज तोंडी राहिला, तारखेची पोच हातात नसली, तर १५ दिवस मोजायचे कुठून? भत्त्याचा हक्क तिथेच संपतो. म्हणून अनुभवी कार्यकर्ते आधी नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून घेत आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलत नसत.

१९९०मध्ये योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. २००५मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला, तोही मागणी, १५ दिवस आणि भत्ता या पागेंच्याच सांगाड्यावर.