आवाज चेनचा की चाकाच्या बेअरिंगचा?

मोटरसायकलच्या मागून खरखर सुरू झाली की पहिला संशय चेनवर जातो. चेन उघड्यावर असते, मळलेली असते, समोर दिसते. बेअरिंग, म्हणजे चाक सहज फिरू देणारी गोळ्यांची रिंग, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत दडलेलं असतं, त्याची आठवण चाक डुगडुगायला लागल्यावर होते. मग नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रं) बसतात, खर्च होतो, आणि खरखर तशीच राहते. माझं म्हणणं एवढंच आहे की चेन उतरवून, चाक हाताने फिरवून बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

या दोघांत गल्लत होते कारण दोन्ही आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढतात आणि कमी होतात. इंजिन किती जोरात फिरतंय याच्याशी त्यांचा संबंध नसतो. हे आधी पक्कं करून घ्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीने चौथ्या गिअरमध्ये चला, मग त्याच वेगाने तिसऱ्यात. इंजिनाचा सूर चढेल. खरखर मात्र त्याच पट्टीत राहिली, तर ती पुढच्या छोट्या स्प्रॉकेटपासून मागच्या चाकापर्यंतच्या भागात आहे. आवाज इंजिनाबरोबर चढला, तर शोध इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सकडे न्यायचा, आणि पुढचं काही तुम्हाला लागू नाही. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलत असेल, तर आधी टायर बघा.

आता चेन आणि बेअरिंग वेगळे करायचे. त्यांच्यातला खरा फरक कोणावर कशाचा भार येतो यात आहे. थ्रॉटल दिला की चेनची वरची बाजू ताणली जाते, सोडला की खालची, आणि क्लच दाबला की दोन्हींवरचा ताण उतरतो. त्यामुळे चेनचा आवाज मनगटाबरोबर बदलतो: जोर लावताना करकर, थ्रॉटल सोडल्यावर खडखड, क्लच दाबल्यावर जवळजवळ शांत. चाकाच्या बेअरिंगवर मुख्यतः गाडीचं आणि तुमचं वजन असतं, आणि ते थ्रॉटलने कमीजास्त होत नाही. म्हणून बेअरिंगची घरघर क्लच दाबून गाडी घरंगळत असतानाही चालूच राहते आणि वेगाबरोबर हळूहळू खाली येते.

इथे एक अडचण आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये मागचं स्प्रॉकेट थेट हबवर बसत नाही. ते कॅरिअर नावाच्या वेगळ्या भागावर असतं, हबमध्ये झटके शोषणारे कपलिंग रबर असतात, आणि त्या कॅरिअरला स्वतःचं बेअरिंग असतं. चेनची सगळी ओढ या बेअरिंगवर येते. ते खराब झालं की त्याचा आवाजही थ्रॉटलबरोबर बदलतो आणि हुबेहूब चेनसारखा भासतो. चेन किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलूनही आवाज राहिला, अशा गाडीत मी सर्वात आधी हे बेअरिंग बघेन.

चारचाकीत गाडी डावी-उजवीकडे वळवून बेअरिंगचा आवाज ओळखतात. ती युक्ती इथे फारशी चालत नाही. मोटरसायकल वळणात झुकते, त्यामुळे भार चाकाच्या पातळीतच राहतो आणि बेअरिंगवर बाजूने तितका दाब येत नाही. वळणात आवाज बदलला नाही म्हणून बेअरिंग चांगलं आहे असं धरून चालू नका.

आवाज सलग नसेल, ठरावीक अंतराने टक् होत असेल, तर मोजायला बसा. समजा पुढे १४ दात आहेत, मागे ४२, आणि चेनमध्ये १२० कड्या. चाकाच्या एका फेरीत पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. चेनची पूर्ण फेरी व्हायला मात्र चाकाला २.८६, म्हणजे जवळपास तीन फेऱ्या लागतात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. टायरवर एक आणि चेनवर एक खडूची खूण करा आणि चाक हळू फिरवा. चाकाच्या दर फेरीला एकदा आवाज आला, तर मागचं स्प्रॉकेट, हब किंवा ब्रेक. दर फेरीला तीनदा आला, तर पुढचं स्प्रॉकेट. साधारण तीन फेऱ्यांनी चेनवरची खूण त्याच जागी आली की आवाज होत असेल, तर चेनमधली एखादी कडी आखडली आहे. ती कडी दोन्ही स्प्रॉकेटवरून जाते, म्हणून चेनच्या एका फेरीत दोनदाही वाजू शकते. बेअरिंग अशा कोणत्याच गणितात नीट बसत नाही. त्याच्या गोळ्या चाकापेक्षा वेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे त्याची घरघर विस्कटलेली वाटते.

आता चेन उतरवा. क्लिपची चेन असेल तर मास्टर लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) काढा. रिव्हेटची असेल तर अ‍ॅक्सलचा (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा) नट सैल करून, अ‍ॅडजस्टर मागे घेऊन चाक पुढे ढकला आणि चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बाजूला काढा. मग अ‍ॅक्सल पुन्हा घट्ट करा. ही पायरी बरेच जण गाळतात. अ‍ॅक्सल सैल ठेवून चाक हलवलं तर प्ले (ढिलेपणा) बेअरिंगचा की नटचा, ते कळणारच नाही. ब्रेक घासत असेल तर कॅलिपरही काढून बाजूला टांगा, कारण पॅडची सरसर बारीक घरघर झाकून टाकते.

चाक फिरवा आणि दुसरा हात स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या सांगाड्यावर), अ‍ॅक्सलच्या जवळ ठेवा. खराब बेअरिंगची किरकिर कानाआधी हाताला कळते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलच्या डोक्यावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तर आणखी स्पष्ट ऐकू येतं. मग चाक वर आणि खाली धरून आलटून पालटून ढकला, नंतर पुढे आणि मागे धरून. हबमध्ये कटकट जाणवली तर बेअरिंग गेलंय. चाकासोबत अख्खा स्विंगआर्म हलत असेल, तर दोष त्याच्या सांध्यातल्या बुशमध्ये आहे. शेवटची खात्री चाक बाहेर काढल्यावर होते: बोट बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये घालून फिरवा. रिंग मऊ, एकसारखी फिरायला हवी. अडखळली, खरबरीत लागली किंवा सीलभोवती गंजाचं तांबडं पाणी दिसलं, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

हे सगळं हाताने, इंजिन बंद ठेवूनच करायचं. स्टँडवर गिअर टाकून चाक फिरवत ठेवायचं आणि फडकं धरून चेन पुसायची, ही पद्धत फार पसरली आहे. तिच्यात लोकांची बोटं गेली आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की हात सोडवायला वेळ मिळत नाही. कृपा करून असं करू नका.

दोष चेनचा निघाला तर लगेच बदलायची घाई नको. आधी साफ करा: रॉकेल किंवा चेन क्लीनर, आणि मऊ ब्रश. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, रबराच्या रिंगा खराब होतात आणि आत भरलेलं ग्रीस निघून जातं. ल्यूब लावल्यावर आवाज थांबला आणि थोड्याच दिवसांत परत आला, तर झीज मोजायची वेळ झाली. ४२८ नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी असतं, म्हणजे २० कड्यांची लांबी २५४ मिमी. ५२०, ५२५ आणि ५३० मध्ये ते १५.८७५ मिमी, म्हणजे २० कड्या ३१७.५ मिमी. चेन ताणून धरून मोजा. एक ते दोन टक्के वाढ झाली की तिचं आयुष्य संपत आलं. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन पहिल्या दिवसापासून वाजते. मास्टर लिंकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवं.

बेअरिंगचं काम जास्त नाजूक आहे. नवं बेअरिंग हबमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर ठोकलं तर दणका गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. हब थोडा गरम करून घेतला तर ठोकावं कमी लागतं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) विसरू नका: पहिलं बेअरिंग पूर्ण तळाला, दुसरं स्पेसरला जेमतेम टेकेल इतकंच आत. दुसरं जास्त ठोकलं तर दोन्हींवर कायमचा आडवा दाब राहतो आणि थोड्याच काळात घरघर परत येते. एका बाजूचं गेलं असलं तरी दोन्ही बदला, आणि कॅरिअरचंही हातासरशी तपासा. पुढे गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा हबवर मारू नका. सील धूळ आणि शिंतोडे अडवतं, तो दाब नाही.

कधी दोन्ही दोष एकत्र सापडतात. गरजेपेक्षा घट्ट चेन स्वतः किणकिणते आणि कॅरिअरच्या बेअरिंगला, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या बेअरिंगलाही ओढून खराब करते. अशा वेळी आधी बेअरिंग, मग चेन. कॅरिअर तिरपा झाला असेल तर स्प्रॉकेटही तिरपं चालतं आणि तुम्ही केलेलं अलाइनमेंट (दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणणं) खोटं ठरतं.

शेवटी चेनचा सैलपणा. तो चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि चेन जिथे सर्वात घट्ट असेल त्या जागेवरून ठरवा. आकडा मॅन्युअलमधला घ्या, आणि गाडी साइड स्टँडवर हवी की मेन स्टँडवर तेही तिथेच बघा. अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना चाक किंचित सरकतं. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी सैल पडते, तेव्हा परत एकदा तपासा.