सायकल डवऱ्याच्या आधी

सोयाबीन पंधरा-वीस दिवसांचं झालं की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शिवारात हल्ली सायकल डवरा दिसतो. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याचा चिमटा, हँडल आणि मागे जमिनीलगत आडवी लोखंडी फास, म्हणजे तण कापणारं पातं. एकटा माणूस तो ढकलत पिकाच्या दोन ओळींमधून जातो आणि तण कापत पुढे सरकतो. बैलजोडी ठेवणं ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी हे अवजार मोठा आधार आहे.

ते कुणी शोधलं, हे विचारून उपयोग नाही. कुणीतरी बनवलं, कुणाच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ आला, तो दाखवून तिसऱ्याने गावच्या वेल्डिंगवाल्याकडून तसंच करून घेतलं आणि चौथ्याने त्यात बदल केला. ही रीत मोबाइलबरोबर आली असं अनेकांना वाटतं. विदर्भात ती फार जुनी आहे आणि वर्ध्याला तर तिच्यावर नीट विचार करून काम झालेलं आहे.

आधी खात्याकडे, म्हणजे गावात शेतीची अवजारं घडवणाऱ्या कारागिराकडे जाऊ. वखर, डवरा, तिफण हे सगळं गावचा खाती करायचा. उन्हाळ्यात त्याच्या दारात अवजारांची रांग लागे. जमीन भारी की हलकी, बैल उंच की ठेंगणे, हे पाहून तो फासेचा कोन आणि दांडीची लांबी ठरवी. पहिल्या डवरणीत अवजार नीट चाललं नाही, तर शेतकरी संध्याकाळी ते खांद्यावर टाकून त्याच्याकडे येई आणि सकाळी दुरुस्त करून नेई. बनवणारा आणि वापरणारा एकाच गावात असल्यामुळे चूक लगेच कळत होती. पण ही मापं कागदावर कधी उतरली नाहीत. ती एका जातीच्या, एका घरच्या हातात राहिली, बापाकडून मुलाकडे गेली. मुलगा शहरात गेला तेव्हा मापंही गावातून गेली. या नुकसानीचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

माप जाहीर करून सगळ्यांना कामाला लावायचा मोठा प्रयत्न १९२९ साली झाला. गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईने आठ तास फार न दमता चालवला, तर १२ ते २० नंबरचं (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको आणि चरखा वीस वर्षं टिकावा. गांधीजींच्या हयातीत ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरी मला ही जाहिरात मोलाची वाटते. वापरणारी कोण, ती किती दमेल, दुरुस्तीला किती लागेल, हे आधी ठरवून मग यंत्राचा विचार केला होता.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले. त्याच वर्षाअखेर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम उभं केलं. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली, नाव गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं. तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, चूल अशा रोजच्या गोष्टी हातात घेऊन त्यातली अडचण शोधली जायची. झवेरभाई पटेलांनी घाणीत सुधारणा केली आणि ती वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बायकांसाठी नळीवाटे धूर बाहेर काढणारी मगन चूल आली, मातीचीच, घरी लिंपून करता येईल अशी. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरने धनुष्य तकली हे सूत कातायचं साधं साधन तयार केलं. तिला सुताराचीही फारशी गरज नव्हती.

३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं. खेड्यातल्या माणसाने यावं, वस्तू निरखावी आणि घरी जाऊन तशी करावी, हा त्यामागचा हेतू. कामाची माहिती ग्राम उद्योग पत्रिकेतून बाहेर जायची.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचा जोर वाढला आणि हे काम मागे पडलं. कुमारप्पांच्या मुशीतले देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू करून तो धागा पुन्हा धरला.

सुधारून पुढच्याला देण्याची ही रीत लोखंड-लाकडासारखीच बियाण्यातही चालते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथे दीडेक एकराचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, निवडल्या आणि जे निघालं ते शेजाऱ्यांना दिलं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्या धानाला एचएमटी नाव पडलं आणि ते चांदा-भंडाऱ्याच्याही पलीकडे पसरलं. वाण पसरला, पण दादाजी हलाखीतच राहिले आणि २०१८ साली गेले. ज्ञान खुलं ठेवायचं तर मूळ माणसाचं नाव त्याच्याबरोबर चालत राहिलं पाहिजे, असं मला दादाजींमुळे फार वाटतं.

बाहेरच्या जगात नेमका हाच नियम लिहून काढला गेला. आराखडा सगळ्यांना खुला, मूळ करणाऱ्याचं नाव कायम आणि जो सुधारेल त्यानेही आपली सुधारणा खुली ठेवायची. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो १९८० च्या दशकात मांडला. २००५ च्या सुमारास इटलीत आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड आला, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात रेपरॅप हा स्वतःचेच बरेच भाग छापणारा थ्रीडी प्रिंटर सुरू झाला आणि यंत्रांनाही तो नियम लागू झाला. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालीच फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, उभी राहिली होती. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि आमच्या गावातल्या पारावरही व्हिडिओ पोचले.

पण व्हिडिओत माप नसतं. मी पहिला डवरा व्हिडिओ पाहूनच करायला दिला होता. वेल्डिंगवाल्याने विचारलं, "भाऊ, फास किती इंचाची, अन् किती वाकडी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने अंदाजाने ट्रकच्या जुन्या कमानपट्टीची बारा इंचाची फास जोडली. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळी अठरा इंचांवर असतात. झाडं वाढली तशी ती फास मुळांना लागायला लागली. कोनही जास्त पडला होता, त्यामुळे फास जमिनीत घुसायची आणि शंभर पावलांत दम लागायचा. वाफसा नसताना, म्हणजे जमीन जास्त ओली असताना घातला, तर काळी माती टायर आणि चिमट्याच्या मधे अशी बसायची की चाक फिरणंच बंद.

आता फास नऊ इंचांची आहे. ती बोल्टवर बसते आणि पट्टीला तीन भोकं आहेत, म्हणजे जमीन पाहून कोन बदलता येतो. मडगार्ड काढून टाकलं. हे सगळं मी वहीच्या पानावर मापांसकट काढून, फसलेल्या पहिल्या फासेच्या फोटोसोबत गावाच्या ग्रुपवर टाकलं. पंधरा दिवसांत शेजारच्या गावातल्या एका ताईंनी कळवलं, की हँडल त्यांच्यासाठी फार उंच होतं, त्यांनी ते चार इंच खाली घेतलं आणि पाठ दुखायची थांबली. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणी पाठवली तरी मी ग्रुपवर पुढे पाठवत नाही. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) कुंपणात थेट लाइनीचा करंट सोडायची युक्ती. त्या तारेने माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं, त्यात करंट क्षणभराचा आणि थांबून थांबून येतो. हा फरक मी दर वेळी ग्रुपवर पुन्हा लिहितो.

यंदा ताईंच्या मापाचं हँडल वेल्डिंगवाल्याने तीन डवऱ्यांना लावलं. त्याने ते माप दुकानाच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवलंय आणि खाली ताईंच्या गावाचं नाव घातलंय.