अ‍ॅओर्टिक अ‍ॅन्युरिझमची प्राणी-मॉडेल्स

पोटातली महाधमनी म्हणजे अ‍ॅओर्टा साधारण २ सेंमी रुंद असते, ३ सेंमीपर्यंत फुगली की अ‍ॅन्युरिझम म्हणायचं आणि पुरुषांत ५.५ सेंमीला ऑपरेशनचा विषय निघतो. ठाण्यात सोनोग्राफीला पेशंट जातो मुतखड्यासाठी आणि रिपोर्टमध्ये निघतं हे, म्हणजे तोवर आजार मुरलेला असतो, सुरुवात माणसात बघायलाच मिळत नाही, म्हणून प्राण्यांत तो मुद्दाम घडवून बघतात, त्यालाच प्राणी-मॉडेल म्हणायचं.

मॉडेल्सचा उगम कुठून धरायचा? काही जण एलास्टेजपासून (भिंतीतले लवचिक इलॅस्टिनचे धागे तोडणारं एन्झाइम) धरतात, पण १९५२ चं पोन्सेटी आणि बेअर्ड यांचं काम आधीचं, आणि तेच धरावं हे बरं. त्यांनी रॅटना स्वीट पीच्या बियांचं पीठ खाऊ घातलं, तर कणा वाकडा झाला आणि महाधमनीची भिंत चिरून फुगली. स्वीट पी म्हणजे कुंडीत लावतात ती फुलांची वेल, आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण, पण लाखोळीने पाय लुळे पडतात ते वेगळ्या विषाने, इथे गल्लत नको. स्वीट पीचं विष बीएपीएन (बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल) जातीचं, ते लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम अडवतं, मग कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे एकमेकांत गुंतत नाहीत आणि भिंत सैल पडते. बीएपीएन आजही उंदरांना देतात.

१९९० मध्ये अनिजार वगैरेंनी डुकराच्या स्वादुपिंडातलं एलास्टेज रॅटच्या महाधमनीत दाबाने सोडलं. कॅल्शियम क्लोराइड बाहेरून लावायचीही पद्धत आहे.

सगळ्यात जास्त वापर अँजिओटेन्सिन मॉडेलचा (डॉर्टी, मॅनिंग, कॅसिस, २०००): एपीओई (रक्तातली चरबी हाताळणारा जीन) नसलेल्या उंदराच्या कातडीखाली छोटा पंप बसवायचा, त्यातून २८ दिवस अँजिओटेन्सिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं हार्मोन, झिरपत राहतं, नरांत फुगवटा जास्त. भांडण इथेच आहे. माणसात फुगवटा बहुतेक किडनीच्या धमन्यांच्या खाली येतो, इथे वर, शिवाय आधी भिंत फाटून आत रक्त साचतं, म्हणून हे अॅन्युरिझम नव्हे, डिसेक्शनच (भिंतीचे थर फाटणं) असं म्हणणाऱ्यांचं पारडं जड वाटतं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने उंदरांत फुगवटा रोखला, पण २०२० च्या ट्रायलमध्ये माणसांत वाढ काही कमी झाली नाही.

स्टेंटच्या, म्हणजे धमनीत आतून बसवायच्या जाळीच्या नळीच्या, प्रयोगांसाठी मात्र डुकरांसारखे मोठे प्राणी लागतात, उंदराच्या नळीत माणसाच्या मापाचा स्टेंट कसा मावणार! सर्जन परोदींनी १९९० मध्ये माणसात स्टेंट-ग्राफ्ट (कापडी आवरणाचा स्टेंट) बसवला त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. खारघरच्या कॅन्सर संशोधन संस्थेत, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये उंदरांची सोय आहे पण ती मुख्यतः कॅन्सरसाठी, आणि प्रयोग कुठलाही असो, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची परवानगी आधी लागते.