निकाल दोघांचा, नियम सगळ्यांचा

नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या सोसायट्यांमध्ये 'बोटीवर' असलेला माणूस शोधायला फार वेळ लागत नाही. त्याच्या कराराचे कागद पाहिले तर बहुतेकदा असं दिसतं : माणूस भारतीय, जहाजाचा मालक ग्रीक, ध्वज पनामाचा किंवा लायबेरियाचा, आणि जहाज भाड्याने घेणारी कंपनी आणखी कुठल्या तरी देशातली. न्हावा-शेव्याला लागणाऱ्या कितीतरी कंटेनर जहाजांच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं, आणि ते या जहाजाने कधी पाहिलेलंही नसतं.

असं जहाज परक्या किनाऱ्याजवळ अडवलं आणि खलाशांना डांबून ठेवलं, तर दाद मागायची कोणी? भारताने, पनामाने की मालकाच्या देशाने? १९८२ च्या सागरी कायदा कराराला ३२० कलमं आहेत, पण या प्रश्नाचं एका ओळीतलं सरळ उत्तर त्यांत नाही. ते दिलं हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने, १ जुलै १९९९ रोजी, 'सायगा' या तेलवाहू जहाजाच्या खटल्यात.

सायगावर ध्वज होता सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडीन्स या कॅरिबियन देशाचा, मालक सायप्रसचा आणि खलाशी प्रामुख्याने युक्रेनचे. मासेमारी नौकांना समुद्रातच डिझेल विकलं म्हणून गिनीने २८ ऑक्टोबर १९९७ रोजी गोळीबार करून ते पकडलं. गिनीचा एक युक्तिवाद वरवर बिनतोड होता : खलाशी तुमचे नागरिकच नाहीत, मग त्यांच्यासाठी भांडणारे तुम्ही कोण? न्यायाधीशांनी उलट विचारलं की प्रत्येक खलाशाच्या देशाने वेगळा खटला भरायचा म्हटलं तर एका जहाजामागे डझनभर खटले होतील, ते कोण चालवणार? आणि ठरवलं : जहाज, त्यावरचा माल आणि त्यावरची सगळी माणसं मिळून एकच घटक धरायचा, आणि त्या सगळ्यांसाठी ध्वजराष्ट्र, म्हणजे जहाज ज्याचा ध्वज लावतं तो देश, दाद मागू शकतो. गिनीला २१ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. तेव्हाच्या न्यायाधीशांत आपले पी. चंद्रशेखर राव होते. त्याच वर्षी ते न्यायाधिकरणाचे अध्यक्षही झाले.

खटला दोन देशांचा होता, पण नेरूळच्या खलाशालाही आज हाच नियम लागू होतो. त्याच्या मर्यादाही त्याला माहीत हव्यात. अडवलेलं जहाज तातडीने सोडवण्याचा जो खास अर्ज आहे (कलम २९२), तो ध्वजराष्ट्राने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच करायचा असतो. कुठल्या न्यायालयात जायचं यावर दहा दिवसांत एकमत झालं नाही, तर हॅम्बुर्गला जाता येतं. तिथे अर्ज आल्यापासून १५ दिवसांत सुनावणी आणि ती संपल्यावर १४ दिवसांत निकाल, असा नियम आहे. पण हा मार्ग मासेमारी आणि प्रदूषणासंबंधीच्या अटकेपुरताच. अमली पदार्थांच्या किंवा तस्करीच्या गुन्ह्यात जहाज धरलं तर तो उघडत नाही. आणि ध्वजराष्ट्राला इच्छाच नसेल तर खलाशी किंवा त्याचे घरचे स्वतः तिथे जाऊ शकत नाहीत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचंही तसंच : तिथे खटला भरायला देशच असावं लागतं.

मग न्यायाधीश कायदा बनवतात असं म्हणायचं का? कागदोपत्री साफ नाही. हेगच्या न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ करार, देशांची रूढ प्रथा आणि कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं यांना मूळ स्रोत मानतं. न्यायनिर्णय हे फक्त दुय्यम साधन. कलम ५९ तर स्पष्टच सांगतं की निकाल त्या खटल्यापुरता आणि त्या दोन पक्षांपुरताच बंधनकारक. पण न्यायालयाचं कोणतंही निकालपत्र उघडा, त्यात पानोपानी न्यायालयाचे स्वतःचे जुने निकाल उद्धृत केलेले असतात. आदेश दोघांपुरता राहतो, कारणमीमांसा मात्र पुढच्या खटल्यात जाते. वकीलही तीच शोधत असतात.

देशांना ती पटली नाही तर काय होतं, हे 'लोटस' प्रकरणात दिसलं. २ ऑगस्ट १९२६ रोजी खुल्या समुद्रात 'लोटस' हे फ्रेंच जहाज 'बोझ-कुर्त' या तुर्की जहाजावर आदळलं आणि आठ तुर्की माणसं बुडाली. लोटस इस्तंबूलला पोचताच तुर्कस्तानने त्यावरच्या फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मतं ६ विरुद्ध ६ अशी पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठरलं की तुर्कस्तानचं काही चुकलं नाही, कारण देशाच्या स्वातंत्र्यावर बंधनं आहेत असं गृहीत धरता येत नाही. हा निकाल जगभरच्या जहाजी मंडळींना झोंबला. टक्कर झाली की कुठल्याही बंदरात कप्तानाला बेड्या पडू शकतात, असा त्याचा अर्थ होता. शेवटी देशांनी १९५२ आणि १९५८ च्या करारांत उलट नियम लिहिला, आणि १९८२ च्या करारात तो कलम ९७ झाला : खुल्या समुद्रातल्या टकरीबद्दल फौजदारी खटला फक्त ध्वजराष्ट्र किंवा त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा देश चालवू शकतो. हे खुल्या समुद्राचं झालं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर होऊन कंटेनर आणि तेल समुद्रात गेलं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा आपलाच प्रादेशिक समुद्र.

मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा असा हेगचा निकाल मात्र १२ एप्रिल १९६० चा आहे : पोर्तुगाल विरुद्ध भारत. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केली. दमणहून तिथे जायला मधला भारतीय प्रदेश ओलांडावा लागे आणि भारताने ती वाट बंद केली होती. पोर्तुगालने वाटेचा हक्क मागितला, आणि त्यासाठी पुरावा काढला तो मराठ्यांशी १७७९ साली झालेल्या पुणे तहाचा आणि १७८३ व १७८५ च्या सनदांचा. म्हणजे हेगच्या शांतता प्रासादात न्यायाधीश पेशवेकालीन कागदांचे तर्जुमे पुढे घेऊन बसले होते. त्यांनी मराठ्यांचे दुसरे तहही तपासले आणि म्हटलं की सार्वभौमत्व द्यायचं असे तेव्हा मराठे ते कायमचं देत असल्याचं स्पष्ट लिहीत; इथे तसं काही नाही. पोर्तुगिजांना मिळाली होती ती वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर, सरंजाम. तो शब्दच निकालपत्रात आहे.

तहावर पोर्तुगाल हरलं, पण न्यायालयाने पुढचा प्रश्न घेतला. इंग्रजांच्या काळापासून सव्वाशेहून अधिक वर्षं खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनदिक्कत ये-जा करत होते. भारताचं म्हणणं होतं की दोनच देशांमधल्या वहिवाटीला रूढ कायदा म्हणता येणार नाही. न्यायालयाने हे नाकारलं. दोन देशांनी दीर्घकाळ पाळलेली आणि दोघांनी मानलेली प्रथाही हक्क निर्माण करू शकते, असं त्याने सांगितलं, आणि आज आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत या खटल्याचं नाव येतं ते यासाठी. मतं मुद्द्यागणिक वेगळी पडली. मुलकी वाहतुकीचा हक्क होता : ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नव्हता : ८ विरुद्ध ७. आणि १९५४ मधल्या तणावात वाट रोखून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही : ९ विरुद्ध ६. त्यामुळे बातमीत 'अमुक देश जिंकला' असं आलं की आदेशाचे परिच्छेद आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा पाहावा. नुसत्या मथळ्यावरून या निकालात कोण जिंकलं ते सांगताच येणार नाही.

या पीठावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला होते. ते निवडून आलेले न्यायाधीश नव्हते. पंधरा जणांत आपल्या देशाचा कोणी नसेल तर त्या खटल्यापुरता तदर्थ न्यायाधीश नेमण्याची मुभा पक्षांना असते. पोर्तुगालनेही आपला नेमला होता. यावरून पक्षपाताची टीका होते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण बंद दाराआड त्या देशाची कायदापद्धती समजावून सांगणारा कोणी तरी असणं उपयोगाचं ठरतं, आणि एका मताने पारडं फिरणं विरळाच.

याच खटल्यातली दुसरी गोष्ट वकिलांच्या जास्त लक्षात राहिली. पोर्तुगालने न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा १९ डिसेंबर १९५५ रोजी दिली आणि तीनच दिवसांनी, २२ तारखेला, भारतावर दावा ठोकला. भारताने हरकत घेतली, पण १९५७ मध्ये न्यायालय म्हणालं की घोषणा दिल्या दिवसापासून लागू होते. मग भारताने आपल्या घोषणा घट्ट केल्या. १९७४ च्या घोषणेत थेट अट आली : समोरच्या देशाने अधिकारक्षेत्र मान्य करून बारा महिने झालेले नसतील तर भारताला न्यायालयात ओढता येणार नाही. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वादही भारताने वगळलेले आहेत. म्हणूनच १९९९ मध्ये पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तानने भरलेला खटला २००० साली १४ विरुद्ध २ मतांनी दारातच थांबला.

निकाल लिहिण्याची रीतही नियम कसा घडतो यावर परिणाम करते. सुनावणी संपल्यावर साधारणपणे प्रत्येक न्यायाधीश आपली टिपणी लिहून इतरांना देतो. मग चर्चा होते आणि तीत सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश आधी बोलतो, म्हणजे ज्येष्ठांचं मत ऐकून कोणी झुकू नये. बहुमत दिसलं की मसुदा समिती नेमली जाते. तिच्या मसुद्याचं परिच्छेदागणिक दोनदा वाचन होतं, लेखी दुरुस्त्या येतात, आणि शेवटी तोंडी मतदान : होय किंवा नाही. तटस्थ राहता येत नाही. पंधरा वेगवेगळ्या कायदापद्धतींतल्या माणसांना एकाच वाक्याखाली आणायचं म्हटलं की ते वाक्य बोथट होतं. निकालपत्रातली काही वाक्यं मुद्दाम धूसर वाटतात, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. खरी धार भिन्नमतांत सापडते.

साखळी कशी जुळते हे पाहायला वकिलातीच्या संपर्काचे खटले घ्यावेत. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू द्यावं, असं व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं. १९९९ मध्ये न्यायालयाने 'थांबा' म्हटलेलं असतानाही अमेरिकेने वॉल्टर लाग्रँड या जर्मन नागरिकाला मृत्युदंड दिला. न्यायालयाचे अंतरिम आदेश बंधनकारक की नुसती विनंती, हा वाद दशकानुदशकं लोंबकळत होता. २००१ च्या लाग्रँड निकालाने सांगितलं : बंधनकारक. २००४ मध्ये मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध भरलेल्या अशाच खटल्यात उपाय ठरला : शिक्षेचा परिणामकारक पुनर्विचार. अमेरिकेने चिडून २००५ मध्ये हे वाद न्यायालयाकडे नेणाऱ्या जोड-करारातूनच अंग काढून घेतलं. पण नियम उरला होता. १८ मे २०१७ रोजी कुलभूषण जाधव यांची फाशी थांबवणारा अंतरिम आदेश निघाला, तेव्हा तो पाळायचा की नाही हा वाद उरलेला नव्हता. १७ जुलै २०१९ च्या निकालाने, १५ विरुद्ध १, पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचं ठरवलं आणि हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही, अशी भर घातली. शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. मिळाला तो पुनर्विचार.

निकाल न पाळणाऱ्याविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, पण तिथे नकाराधिकार आहे. १९८६ मध्ये निकारागुआ अमेरिकेविरुद्ध जिंकला आणि परिषदेतला ठराव अमेरिकेनेच अडवला.

सगळ्यांत ताजं उदाहरण आहे २३ जुलै २०२५ च्या हवामानविषयक सल्लागार मताचं. यात कोणी वादी-प्रतिवादी नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रश्न विचारला होता आणि न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं. पर्यावरणाची मोठी हानी टाळण्यासाठी योग्य ती काळजी घेणं हे रूढ कायद्याचं कर्तव्य आहे, म्हणजे हवामान करारांतून बाहेर पडलेल्या देशावरही ते राहतंच. समुद्र चढला तरी एकदा ठरवलेल्या आधाररेषा (किनाऱ्यालगतच्या ज्या रेषेपासून प्रादेशिक समुद्र मोजतात त्या) बदलण्याची सक्ती नाही, हेही त्यात आलं. १९५१ मध्ये नॉर्वेच्या खटल्यात मान्य झालेली सरळ आधाररेषांची पद्धत नंतर करारांत गेली, आणि भारतानेही २००९ मध्ये आधाररेषा जाहीर करताना ती वापरली.

ठाण्याच्या खाडीशी याचा संबंध वाकड्या वाटेने येतो. खाडी आधाररेषेच्या आत, म्हणजे अंतर्गत पाण्यात. तिथे हेगचं थेट काही चालत नाही. २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या नाशाला जगण्याच्या हक्काशी जोडलं. देशाच्या कायद्याशी विसंगत नसलेला आंतरराष्ट्रीय रूढ कायदा आपल्या कायद्यातच सामावलेला मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर निकालात म्हटलं आहे. तेव्हा उद्या ऐरोली किंवा उरणच्या भरावावरून खटला उभा राहिला, तर हेगचं मत या दारातून आत आणता येईल. समोरचा वकील उठून म्हणेल की हे फक्त सल्लागार मत आहे, कोणावरही बंधनकारक नाही. त्याचं बरोबरच असेल. पण मत बंधनकारक नसलं तरी ते ज्या रूढ नियमाकडे बोट दाखवतं तो बंधनकारक असतो, आणि तो तसा आहे की नाही हे ठरवायचं काम आता इथल्या न्यायाधीशांचं.