कोकम, कलिंगड आणि पायांच्या शिरा

एप्रिल लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: कलिंगड खा, कोकम प्या, शिरा मोकळ्या राहतील, रक्ताभिसरण सुधारेल. वर ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ अशी पुरवणी. पूर्वजांना पुष्कळ काही ठाऊक होते, पण हे नव्हे. उन्हाळी खाणे जुने आहे. शिरांशी त्याची सांगड बऱ्याच उशिरा घातली गेली, तीही निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या कारणांनी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा. ग्रीष्मात सूर्य जगातला स्नेह, म्हणजे ओलावा-स्निग्धपणा, शोषून घेतो, म्हणून गोड, थंड, पातळ आणि स्निग्ध असे अन्नपान हितकर, असे तिथे म्हटले आहे. ही सगळी चिंता कोरडेपणाची आणि थकव्याची आहे. सुश्रुताने ७०० सिरा (शिरा) मोजल्या खऱ्या, पण त्यांचे मूळ त्याने नाभीत मानले. पायाच्या नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये, रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात, याचे तपशीलवार वर्णन इटलीतल्या पडुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ साली छापले, आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताचे चक्र मांडले. हे कळण्याआधी ‘रक्ताभिसरणासाठी आहार’ असा विचार होणेच अवघड.

शिवाय चरक उन्हाळ्यात खारट, आंबट, तिखट टाळायला सांगतो. आणि आपल्याकडे? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे, वाटली डाळ, जेवणात सोलकढी. सगळे आंबट, बरेचसे खारट. मुंबईतल्या मराठी घराने उन्हाळा ग्रंथ उघडून ठरवला नाही, तो कोकणातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या, रत्नागिरीकडची माणसे बोटीने येऊन गिरणगावात राहिली आणि मागावर उभ्याने पाळ्या करू लागली. मे महिन्यात गावी जाऊन आलेल्या चाकरमान्याच्या सामानात आमसुले असायचीच.

कोकमाची कृती पाहिली तरी तिच्यामागचा हेतू कळतो. रातांबे (कोकमाची फळे) फोडून बिया आणि गर वेगळा काढतात. साले त्याच रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, की काळपट चिवट आमसुले होतात. ओल्या सालांचे आणि साखरेचे थर बरणीत भरून उन्हात ठेवले की सरबताचा पाक सुटतो. नुसत्या रसात भरपूर मीठ घातले की आगळ. पावसाळ्यापूर्वी हाती आलेले फळ वर्षभर टिकवायची ही खटपट आहे. शिरांच्या नावाने कौतुक करायचेच, तर आगळातले मीठ आणि सरबतातली साखर का वगळावी? रक्तदाब असलेल्याने किंवा पायावर सूज येणाऱ्याने दोन्ही वेळा आगळाची सोलकढी पिणे हा काही उपचार नव्हे.

फळांचा रक्तवाहिन्यांशी शास्त्रीय संबंध लागला तो स्कर्व्ही या आजारामुळे. ‘क’ जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजन हे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन नीट तयार होत नाही, केशवाहिन्या नाजूक होतात, हिरड्यांतून रक्त येते. हे जीवनसत्त्व वेगळे काढणारे हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिंबू व लाल मिरचीतला आणखी एक घटक केशवाहिन्यांची गळती थांबवतो, असे जाहीर करून त्याला ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले. दावा टिकला नाही. १९५०च्या सुमारास ते नावही मोडीत निघाले. घटक मात्र राहिले. ते म्हणजे फ्लॅव्होनॉइड, वनस्पतींतली एक प्रकारची संयुगे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतल्या हेस्पेरिडिन या फ्लॅव्होनॉइडपासून पुढे फ्रान्समध्ये शिरांच्या तक्रारींवर गोळ्या निघाल्या, त्या आज आपल्या केमिस्टकडेही मिळतात. पण गोळीतली मात्रा मोसंबीच्या ग्लासातून येत नाही, आणि गोळीनेही बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. जडपणा, सूज थोडी उतरते, इतकेच.

कलिंगडाची कथा वेगळी. १९१४ साली जपानी संशोधकांनी त्याच्या रसातून सिट्रुलिन हे अमिनो आम्ल वेगळे काढले. शरीरात त्याचे आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल होते आणि त्यापासून नायट्रिक ऑक्साइड. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले, आणि तिथून कलिंगडाचे नशीब फळफळले. यावरचे बरेचसे प्रयोग मोजक्या लोकांवर, अर्क देऊन आणि मुख्यतः रक्तदाब पाहणारे आहेत. म्हणजे विषय धमन्यांचा. फुगलेल्या नीलांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न तसाच राहतो. उन्हाळ्यात तर त्वचेजवळच्या वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात. म्हणूनच या दिवसांत दुकानात उभे राहणाऱ्यांचे, वर्गात शिकवणाऱ्यांचे, चौकात वाहतूक सांभाळणाऱ्यांचे पाय संध्याकाळी जास्त सुजतात. चालल्याने पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, तसे ते कलिंगडाने ढकलले जात नाही. दादर स्टेशनबाहेर साल सोलून मिळणारे पाणीदार ताडगोळे किंवा शहाळे घामावाटे गेलेले पाणी भरून काढतात, आणि त्यासाठी ते जरूर खावेत-प्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र शहाळ्यातल्या पोटॅशियमबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

या इतिहासातला एक धागा त्या फिरत्या सल्ल्यांत कधीच सापडत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत कामाचा. आयर्लंडचे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. कोंडा-चोथ्याचे अन्न खाणाऱ्या तिथल्या लोकांत व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) आणि मूळव्याध फार कमी दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. चोथा नसला की शौचाला जोर करावा लागतो, त्या दाबाने शिरा फुगतात, असा सिद्धान्त त्यांनी १९७२ मध्ये मांडला. पायांच्या बाबतीत तो सिद्ध झाला नाही. पण मूळव्याध हासुद्धा फुगलेल्या शिरांचाच त्रास, आणि तिथे चोथ्याने रक्त पडणे कमी होते, हे नंतरच्या चाचण्यांतून दिसले आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडून बद्धकोष्ठ वाढते, तेव्हा जांभळे, करवंदे, चैत्रातले भिजवलेले हरभरे आणि जोडीला भरपूर पाणी यांचा शिरांना खरोखरच उपयोग होतो, फक्त त्या शिरा पायातल्या नव्हेत.